मे महिन्यात घरच्या घरी संक्रांत : तीळ, पतंग आणि बोरन्हाण

प्रश्न थोडक्यात असा आहे : यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात आजी-आजोबा राहतात. नातवंडं पुण्याला शिकतात. जानेवारीत शाळा सुटत नाही, म्हणून संक्रांतीला त्यांना गावी येता येत नाही. येतात ती मे महिन्यात. तिघं आहेत, नऊ, सहा आणि अडीच वर्षांची. धाकट्याचं बोरन्हाण राहून गेलंय. बाहेर ४४ अंश तापमान असताना घरी संक्रांत करता येईल का, तिळगूळ वितळेल का आणि तीळ उष्ण पडतील का, असं विचारलंय.

करता येते. फक्त थंडीची नक्कल करायला जाऊ नका. हुरडा, शेकोटी, ओले हरभरे, झाडावरची बोरं या गोष्टी मे महिन्यात मिळत नाहीत, आणि ओढूनताणून आणल्या तर लेकरांनाही ते खोटं वाटतं. पण संक्रांतीचे दोन मुख्य धागे, म्हणजे सूर्य आणि तीळ, विदर्भात मे महिन्यातच जास्त ठळक दिसतात. सगळी आखणी त्यांच्याभोवती करा.

आधी तारीख. संक्रांत म्हणजे सूर्याचं एका राशीतून दुसऱ्या राशीत जाणं, म्हणजे वर्षाला बारा संक्रांती. १४-१५ मेच्या सुमारास वृषभ संक्रांत असते. घरात कोणी ‘अवेळी सण कशाला’ म्हणालं, तर हे सांगता येईल. तरीही सुगडांची पूजा आणि दान हा पंचांगातला भाग जानेवारीतच ठेवावा आणि मे महिन्यात खाणं, खेळ, तिळगूळ, बोरन्हाण एवढंच करावं. ज्येष्ठ मंडळींना ते पटतं, आणि मुलांना आपण काय करतोय ते सरळ सांगता येतं.

दुसरी तारीख याहून चांगली आहे. आपल्या गावावर सूर्य बरोबर डोक्यावर येतो त्या दिवसाची, म्हणजे शून्य सावलीची. ती अक्षांशावर ठरते : चंद्रपूरला २० मेच्या आसपास, यवतमाळला २२, अकोल्याला २४, अमरावतीला २५ आणि नागपूरला २६ मेच्या आसपास. एखाद्या दिवसाचा फरक डोळ्याला कळत नाही. आंगणात सपाट जागी एक मीटरची सरळ काठी ओळंब्याने उभी करा. ओळंबा नसेल तर दोऱ्याला नट बांधला तरी चालतो. काठी तिरपी राहिली की सावली उरते आणि मुलं म्हणतात, ‘आजोबा, तुमचं गणित चुकलं.’ यवतमाळला दुपारी १२ वाजून १४ मिनिटांच्या सुमारास सावली काठीच्या बुडाशी गोळा होते. पश्चिमेकडे, अकोल्याच्या बाजूला, पाच मिनिटं उशीर धरा. १४ जानेवारीला याच काठीची दुपारची सावली जवळपास ९० सेंटिमीटर असते. तेवढ्या लांबीची दोरी कापून काठीच्या बुडापासून उत्तरेकडे जमिनीवर अंथरा, म्हणजे उत्तरायण म्हणजे काय ते नऊ वर्षांच्या पोराला वेगळं समजवावं लागत नाही. टोपी घालून पाच मिनिटांत हे उरकायचं आणि आत यायचं.

याला जोडून एक हिशेब मोठ्याकडून करून घ्या. संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने मोठा होतो, असं आपण म्हणतो. हा तीळ केवढा? मकर संक्रांतीला आपल्याकडे दिवस सुमारे ११ तासांचा असतो आणि मेच्या मध्यात १३ तासांहून थोडा मोठा. मधे गेले साधारण १२० दिवस, वाढली साधारण १२० मिनिटं. म्हणजे रोजचा तीळ सरासरी एक मिनिटाचा. (बारकाईने पाहिलं तर दिवस २२ डिसेंबरपासूनच वाढायला लागतो. मकर संक्रांत तिथून पुढे सरकत आलीय आणि अजून सरकतेय, साधारण ७२ वर्षांत एक दिवस. स्वामी विवेकानंद संक्रांतीला जन्मले आणि ती तारीख १२ जानेवारी १८६३ होती, ती याचमुळे.)

आता तीळ. बाजारातून पुडा आणण्याआधी गावात चौकशी करा. विदर्भात उन्हाळी तिळाची पेरणी जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत होते आणि पीक नव्वद-पंच्याण्णव दिवसांचं, म्हणजे काढणी मे महिन्यातच येते. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा एकेटी-१०१ हा वाण उन्हाळ्यासाठी ओळखला जातो. ओलिताची सोय असलेल्या कोणाच्या तरी वावरात तीळ असण्याची शक्यता बरीच असते. खालची पानं पिवळी पडून बोंडं पिवळसर झाली की झाडं कापतात आणि पेंढ्या बांधून उभ्या ठेवतात. वाळल्यावर बोंडं टोकाकडून उकलतात, पण तोंड वर असल्यामुळे तीळ सांडत नाही. मग ताडपत्रीवर पेंढी उलटी धरून काठीने हलकं झोडपायचं, की तीळ पावसासारखा खाली येतो. मुलांना दाखवण्यासारखं यापरतं काही नाही. सकाळी सहाला निघून आठच्या आत परत या, आणि धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, चालताना बूट हवेत, चप्पल नको. शेतकऱ्याला विचारल्याशिवाय पेंढीला हात लावू देऊ नका. वाळलेली पेंढी नुसती हिसकली तरी माल जमिनीवर जातो.

ताजा तीळ मिळाला तर पाखडून, धुऊन, कपड्यावर वाळवा. मेच्या उन्हात तीन-चार तास पुरतात. जानेवारीत आणलेला जुना तीळ वापरणार असाल तर आधी चिमूटभर चावून पाहा. उन्हाळ्यात तेलबिया लवकर खवट होतात, आणि खवटपणा ना भाजल्याने जातो ना गुळात लपतो. फल्लीदाण्याचंही, म्हणजे शेंगदाण्याचंही, तसंच. सुरकुतलेला, काळपट, कडू दाणा काढून टाका.

मुलांसोबत करायचे असतील तर बिनपाकाचे लाडू करा. उकळता गूळ १२० अंशांच्या आसपास असतो आणि कातडीला चिकटून बसतो, त्यामुळे त्याचं भाजणं पाण्याच्या भाजण्यापेक्षा वाईट. बिनपाकाचं प्रमाण : तीळ २०० ग्रॅम, फल्लीदाणे १०० ग्रॅम, किसलेला मऊ गूळ २०० ग्रॅम, वेलची पाच-सहा, तूप एक लहान चमचा. हिवाळ्यात दोन चमचे तूप लागतं, पण ४० अंशांच्या स्वयंपाकघरात ते पातळच राहतं आणि लाडू तेलकट दिसतात. तीळ जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर पाच-सात मिनिटं भाजा. तडतडायला लागले आणि बोटात चुरगाळल्यावर कुरकुरीत फुटले की उतरवा. परातीत पसरून पूर्ण गार होऊ द्या. उन्हाळ्यात याला अर्धा-पाऊण तास लागतो आणि घाई इथेच नडते. गरम तीळ मिक्सरमध्ये घातले तर तेल सोडतात आणि लगदा होतो. थांबून थांबून फिरवा, दोन-दोन सेकंदांचे सात-आठ झटके. खलबत्ता असेल तर फारच उत्तम, मुलांच्या हाताला काम मिळतं. दाणे भाजून सालं काढून जाडसर कुटा, गूळ आणि वेलची घाला, मिश्रण मुठीत दाबून पाहा. फुटत असेल तर चमचाभर गूळ आणखी घाला. पाणी घालू नका, दोन दिवसांत वास येतो. सुपारीपेक्षा थोडे मोठे, पंधरा ग्रॅमचे वळले तर तीस-बत्तीस होतात.

मोठ्यांसाठी पाकाचे हवेच असतील तर ते सकाळी आठच्या आत, मुलं वावरातून यायच्या आधी करून ठेवा. तीळ २५० ग्रॅम, दाण्याचं जाडसर कूट १०० ग्रॅम, गूळ २५० ग्रॅम, पाणी दोन मोठे चमचे, तूप एक चमचा. कडक हवे असतील तर चिक्कीचा गूळ घ्या, मऊ हवे असतील तर साधा. पाक उन्हाळ्यात थोडा पुढे न्यायचा. पाण्यात टाकलेल्या थेंबाची नुसती मऊ गोळी झाली की हिवाळ्यात उतरवतो, आता ती गोळी बोटाने दाबल्यावर घट्ट लागली पाहिजे, नाहीतर लाडू डब्यात बसतात आणि सकाळी पोळीसारखे चपटे सापडतात. यातली सर्वांत मोठी चूक थेंब टाकायच्या पाण्याची. टाकीचं पाणी मे महिन्यात आंघोळीच्या पाण्याइतकं तापलेलं असतं. त्यात थेंब मऊच राहतो, आपण पाक आणखी उकळतो आणि लाडू असे होतात की अडकित्त्याने फोडावे लागतात. माठातलं पाणी घ्या, आणि दर वेळी वाटी बदला. एक फायदा मात्र आहे. हवा गरम असल्यामुळे मिश्रण लवकर आळत नाही, हिवाळ्यासारखी धावपळ होत नाही. तळहात पाण्याने ओले करून सावकाश वळा.

आता तिळगूळ वितळेल का. पाक नीट झाला असेल तर ४४ अंशांत गूळ वितळत नाही. तो चिकट होतो तो ओलाव्याने. विदर्भातली मे महिन्यातली हवा इतकी कोरडी असते की उघड्यावर ठेवलेली चिक्की पावसाळ्यापेक्षा जास्त कुरकुरीत राहते. अडचण आपणच घरात आणतो, कूलर लावून. कूलर पाण्याची वाफ खोलीत सोडतो, गूळ ती ओढून घेतो, आणि तासाभरात लाडवाला घाम आल्यासारखं होतं. म्हणून कूलर चालू असलेल्या खोलीत लाडू वळू नका, ताट मांडू नका. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, दुसऱ्या खोलीत ठेवा. फ्रिजमध्ये तर नाहीच, बाहेर काढला की थंड लाडवावर दव धरतं आणि तो चिकटतो. मुंग्या वेड्यासारख्या येतात, डबा पाण्याच्या परातीत उभा करा.

तीळ उष्ण पडतात हा आक्षेप घरोघरी निघतो, त्यावर वाद घालत बसू नका. प्रमाण ठेवा. लहानाला एक, मोठ्याला दोन लाडू, तेही संध्याकाळी, आणि जोडीला कैरीचं पन्हं, मठ्ठा किंवा ज्वारीची आंबील. दिवसभर पाणी कमी पडलेल्या लेकराला कुठलंही गोड, तेलकट जड जातं. नाकाचा घोळणा फुटला की सगळा आळ तिळावर येतो, पण कोरड्या गरम हवेत तो एरवीही फुटतो. नाकपुड्यांना आतून तुपाचं बोट लावा आणि लेकरू उन्हात जाऊ देऊ नका.

भोगीचं जेवण सोपं आहे. ज्वारीची भाकरी थापताना तीळ लावा, बाजरी मिळाली तर बाजरीची. मिसळीच्या भाजीत घरात असेल ते जाऊ द्या : वांगी, रात्री भिजवलेले हरभरे, वाळवून ठेवलेली हरभऱ्याची भाजी, मुंगवड्या, तिळाचं कूट, वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर. हरभरे भिजत घालाल तर पाणी एकदा बदला. उन्हाळ्यात आठ तासांच्या वर एकाच पाण्यात राहिले की आंबतात. ऊस हवाच असेल तर रसवंतीवर जा. तिथे उन्हाळाभर ऊस असतो आणि वीतभर तुकडे सांगून कापून मिळतात. सुगडांऐवजी भातुकलीची बोळकी घ्या. अक्षय तृतीयेच्या वेळी कुंभाराकडे लहान मातीची भांडी असतात, पण ती पितरांच्या घटांसाठी घेतात, त्यामुळे हळदीकुंकवाला आलेल्या एखाद्या म्हाताऱ्या बाईच्या कपाळावर आठी पडू शकते. बोळक्यांत गहू, तीळ, उसाचा तुकडा, वाळलेली बोरं भरा.

हलवा घरी करायला घेऊ नका. काटा यायला थंडी लागते, मे महिन्यात नुसते साखरेचे खडे होतात. पुढच्या वर्षीचा विचार असेल तर जानेवारीतच पाव किलो घेऊन हवाबंद बरणीत ठेवा. मे महिन्यापर्यंत कुरकुरीत राहतो, ढिला पडतो तो पावसाळ्यात. हलव्याचे दागिने उघड्या अंगावर घालू नका. घामाने साखर सुटते, कातडीला चिकटते आणि मग मुंग्या. झबल्यावरून घाला, फोटो काढा, दहा मिनिटांत उतरवा. काळ्या कपड्यांचंही तसंच. काळा रंग ऊन शोषतो म्हणून हिवाळ्यात बरा, मे महिन्यात उन्हात नको. सूर्य मावळला की रंगाने फरक पडत नाही, फक्त कापड सुती आणि सैल असावं. मेच्या मध्यात आपल्याकडे सूर्य पावणेसातच्या आसपास मावळतो, बोरन्हाण त्यानंतरच ठेवा.

बोरन्हाणासाठी आंगणात सहाला सडा टाका. सिमेंटची गच्ची वापरू नका, ती रात्री नऊपर्यंत खालून भाजते. दहा-बारा मुलांसाठी मुरमुरे अर्धा किलो, बत्तासे पाव किलो, रेवड्या पाव किलो, उसाच्या गंडेऱ्या, थोडी वाळलेली बोरं आणि ओंजळभर मोगरा. मोगरा जानेवारीत मिळत नाही, आता मिळतो, तो घालाच. चॉकलेट नको, कागदात त्याचं पाणी होतं. अडीच वर्षांचं लेकरू पाटावर बसवा, औक्षण करा, आणि त्याच्या डोक्यावरून फक्त मुरमुरे, मोगरा आणि फोडलेले बत्तासे सोडा. बोरं, रेवड्या, गंडेऱ्या बाजूला चादरीवर उधळा, मोठी मुलं तिथे वेचतील. चार वर्षांखालच्या मुलाच्या घशात अख्खा दाणा, फुटाणा, बोराची आठोळी, हलव्याचा खडा अडकू शकतो, आणि वेचायच्या गडबडीत मूल जे हाती लागेल ते तोंडात घालतं. एका मोठ्या माणसाने फक्त या लेकराच्या हाताकडे बघत बसायचं, दुसरं काम त्याला देऊ नका. आटोपल्यावर चादर झटकून आंगण झाडून घ्या. रात्री बाजा (खाटा) तिथेच पडतात आणि मुंग्यांना बत्ताशाचा कण पुरतो.

पतंगाला मे महिन्यातला वारा जानेवारीसारखा एकसारखा नसतो. दुपारी झळा आणि वावटळी, पहाटे वारा पडलेला. कामाची वेळ संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा. पतंग दुकानात मिळणार नाहीत, ते दुपारी घरात बसून करा, मुलांचे दोन तास छान जातात. ४० सेंटिमीटर बाजूचा चौकोनी पतंगी कागद, उभी कामटी ५६ सेंटिमीटर, कमानीची कामटी ६३ सेंटिमीटर. कामट्या बुरुडाकडून घ्या. या दिवसांत बांबू इतका वाळलेला असतो की कमान वाकवताना कडकन मोडतो, म्हणून आधी अर्धा तास पाण्यात ठेवा आणि पुसून घ्या. मैद्याची खळ नेहमीपेक्षा पातळ करा, पंख्याखाली ती लावता लावता वाळते. दोऱ्याची पहिली गाठ उभी कामटी आणि कमान एकमेकींना छेदतात तिथे, दुसरी खालच्या टोकापासून साधारण एक तृतीयांश उंचीवर. वारा जोराचा असेल तर खालचा दोरा बोटभर लांब ठेवा. पतंग गरगर फिरत असेल तर वर्तमानपत्राची दीड मीटर शेपटी लावा. जाणकार हसतील, पण सहा वर्षांच्या मुलाचा पतंग वर राहतो.

दोरा साधा सुती, काच नसलेला. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०१७ मध्ये देशभर बंदी घातलीय, तरी चोरून विकला जातो. कोणी आणून दिला तरी घेऊ नका. जागा मोकळं, नांगरून न ठेवलेलं वावर, जिथून कृषिपंपाची लाइन जात नाही. तारेत अडकलेला पतंग सोडून द्यायचा, काठीने काढायचा नाही. आणि मे महिन्यात संध्याकाळी पश्चिमेला ढग दाटले, एकदा जरी गडगडलं, तर दोरा जागेवर टाकून घरात यायचं. वळवाच्या पावसात वीज आधी येते, थेंब नंतर. झाडाखाली थांबू नका.

हळदीकुंकवाला शेजारणी येणार असतील तर वाणात चिमण्यांच्या पाण्यासाठी मातीचं पसरट भांडं द्या, या दिवसांत ते घरोघरी लागतं.

मुलं परत जाताना लाडू बांधून द्यायचा मोह होतो. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पुण्याची हवा दमट झालेली असते, तिथे डबा उघडला की दोन दिवसांत लाडू एकमेकांना चिकटतात. त्याऐवजी भाजलेल्या तिळाचं आणि दाण्याचं कोरडं कूट वेगळं, गूळ वेगळा बांधून द्या. प्रमाण चिठ्ठीवर लिहा, दोन वाट्या कुटाला सव्वा वाटी किसलेला गूळ. वळायचं काम तिथे मुलंच करतील.